मंडळात खुर्च्या कोण लावतं?

कानोता, जयपूर



तिकडच्या मराठी मंडळात वर्गणीवरून भांडणं होतात म्हणून तू जाणंच सोडलंस, हे तुझ्या पत्रात वाचलं. त्यावरून एक गोष्ट सांगतो.

१९०२ साली आन छांग-हो नावाचा तेविशीतला कोरियन तरुण शिकायला सॅन फ्रान्सिस्कोत उतरला. भर रस्त्यात दोन कोरियन एकमेकांच्या शेंड्या ओढत होते. कारण काय, तर जिनसेंग कुणी कुठे विकायचं! (त्यापेक्षा वर्गणी बरी.) त्याने शिक्षण बाजूला ठेवलं आणि देशबांधवांची घरं-अंगणं झाडायला घेतली. पुढे रिव्हरसाइडच्या संत्राबागांत तो स्वतः तोडणीला उभा राहिला. एकेक संत्रं नीट तोडणं हीसुद्धा देशसेवाच, असं तो मजुरांना सांगे. त्याच माणसांतून संघटना उभ्या राहिल्या. त्यांतलीच एक, हुंगसादान, १९१३ मध्ये निघाली. कोरियावर राज्य करणाऱ्या जपान्यांच्या तुरुंगवासाने खंगून १९३८ मध्ये तो गेला.

संत्र्यावरून आपला विदर्भ आठवलाच. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे त्याच काळात, त्याच किनाऱ्यावर शेतकी शिकत होते. शिकलेला मराठी माणूस आणि ऑरेगॉनच्या लाकूड-गिरण्यांत राबणारे पंजाबी मजूर: भाषा वेगळी, जेवण वेगळं. तरी पंडित काशीराम यांच्यासोबत त्यांनी तिथे संघटना बांधली आणि पुढे इंग्रजांविरुद्धच्या गदर पक्षात लष्करी बाजू सांभाळली.

पहिल्या महायुद्धात खानखोजे इराणमध्ये इंग्रजांविरुद्ध लढले. गंमत बघ, आमच्या कानोत्याचे ठाकूर अमरसिंह त्याच युद्धात इंग्रजांच्या बाजूने फ्रान्सला गेले होते. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी रोजनिशी लिहिली. त्यांच्या वाड्यावरून जाताना माझ्या मनात या दोघांची गाठ पडते.

इंग्रजांशी लढल्यामुळे मायदेशी परतायची वाट बंद, म्हणून १९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोला गेले. चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, मक्याच्या जाती सुधारल्या, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा चालवल्या. चित्रकार दिएगो रिवेराने भिंतीवर रंगवलेल्या पंक्तीत भाकरी मोडणारा माणूस म्हणजे तेच, असं सांगतात. परक्या देशातही ते पाहुणे म्हणून बसून राहिले नाहीत. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा बसला.

तेव्हा पुढच्या बैठकीला जा. हिशेबाची वही मागू नकोस. अर्धा तास आधी पोच आणि खुर्च्या लावायला कोण येतं ते बघ. त्यांची नावं मला कळव.

तुझा काका