यंत्र बदलले तरी श्रम टिकावेत

विद्यार्थी महिनोन्‌महिने खपून एखादी आज्ञावली लिहितो. पुढे संगणक बदलतो आणि तीच आज्ञावली नव्या संगणकावर चालेनाशी होते. तर्कात चूक नसते. श्रम मात्र एका यंत्राशी बांधले गेलेले असतात. हे बंधन सैल कसे झाले, हे समजून घेण्यासारखे आहे.

फाइल उघडणे, वाचणे, तीत लिहिणे ही कामे आज्ञावली स्वतः करीत नाही; त्यासाठी ती ऑपरेटिंग सिस्टीमला विनंती करते. या विनंत्यांची नावे, त्यांची रीत आणि मिळणारी उत्तरे यांना मिळून इंटरफेस म्हणतात.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. आरंभी ती पीडीपी-७ या संगणकाच्या असेम्ब्ली भाषेत होती. १९७३ मध्ये ती 'सी' भाषेत पुन्हा लिहिली गेली आणि अन्य यंत्रांवर नेणे सुकर झाले. पुढे विद्यापीठांनी व कंपन्यांनी तिच्या निरनिराळ्या आवृत्त्या काढल्या. त्यांतील भेद लहान होते, पण आज्ञावली अडण्यास तेवढे पुरेसे होते.

यावर उपाय म्हणून १९८८ मध्ये आय-ट्रिपल-ई या संस्थेने 'पॉझिक्स' हे प्रमाण प्रसिद्ध केले. हे नाव रिचर्ड स्टॉलमन यांनी सुचविले. ऑपरेटिंग सिस्टीम आतून कशी रचावी, हे पॉझिक्स सांगत नाही. कोणत्या विनंतीला कोणते उत्तर मिळावे, एवढेच ठरविते. उदाहरणार्थ, 'ओपन' या विनंतीने फाइल उघडली तर शून्य किंवा त्याहून मोठा पूर्णांक मिळतो. न उघडल्यास उणे एक मिळतो आणि कारणाचा संकेतांक वेगळा नोंदविला जातो.

येथे एक मर्यादा ध्यानी घ्यावी. हे प्रमाण मूळ लिखित आज्ञावलीपुरते आहे. नव्या यंत्रावर ती पुन्हा कंपाइल करावी लागते. लिहिणाऱ्यानेही पथ्य पाळले पाहिजे. 'सी' भाषेचे प्रमाण 'इंट' या पूर्णांकाला किमान १६ बिटांचीच हमी देते. आपल्या संगणकावर तो ३२ बिटांचा आहे म्हणून सर्वत्र तसाच असेल, असे गृहीत धरणारी आज्ञावली अन्यत्र चुकीचे उत्तर देऊ शकते.

मराठी वाचकाला हा अनुभव परका नाही. एका फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांत बदलत असे. युनिकोडने प्रत्येक अक्षरचिन्हाला सर्वमान्य संकेतांक दिला, तेव्हा ती अडचण सुटू लागली.

बुद्धवचन छंदस् भाषेत बांधण्याची सूचना तथागतांनी नाकारली, असे विनयपिटकातील चुल्लवग्गात आले आहे. विषय भिन्न असला तरी त्यातील बोध येथेही उपयोगी आहे : ज्ञान एका चौकटीत अडकले की ते मोजक्यांचे होते. ज्या घरी जुनाच संगणक आहे, तेथील मुलाची आज्ञावलीही उद्या जगातील कोणत्याही संगणकावर चालू शकावी. त्यासाठी प्रमाणांचा अभ्यास आपल्या विद्यार्थ्यांनी आवर्जून करावा.