मुदत सरल्यानंतरची तजवीज

चि. भाचीस,

गडचिरोलीतील गोंड गावांत मोहफुलांचे साठवणगृह उभारण्यासाठी केलेला अनुदानाचा जो मसुदा तू धाडलास, तो मी सावकाश वाचला. तो साक्षेपाने लिहिला आहे यात शंका नाही. परंतु तीन वर्षांची मुदत सरल्यावर पुढे काय, या प्रश्नाला अखेरच्या पानावर ‘ग्रामस्थ सक्षम होऊन केंद्र स्वबळावर चालवतील’ एवढेच जे उत्तर तू दिले आहेस, ते मला मान्य करवत नाही. कारण कारभार कोणाचा, खर्च कशातून आणि हिशेब कोणापुढे, हे पाया खणण्यापूर्वी ठरले नसेल, तर चौथ्या वर्षी ते ठरवायला कोणी उरत नाही.

आधी कारभार. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील वननिवासींची मालकी मान्य केली, आणि त्यात बांबूही आला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला व 2011 साली बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून तेथील लोक अभ्यासगटात बसून एकेक प्रश्न उलगडीत आणि सर्वसहमतीवाचून निर्णय न घेण्याचा दंडक पाळीत आले होते, म्हणूनच हक्क हाती येताच तो चालवणारी माणसे गावातच होती. तेव्हा ग्रामसभेला डावलून निराळी व्यवस्थापन समिती नेमण्याचे तुझे कलम काढून टाक.

आता जमाखर्च. फुले होळीच्या सुमारास पडू लागतात. हंगामात व्यापारी ती पडत्या भावाने उचलतो, आणि पुढे भाव चढतो. या तफावतीतून राखणदाराची मजुरी, दुरुस्ती आणि घसारा निघतो का, याचा तक्ता मांड, आणि निघत नसेल तर इमारत लहान कर. ज्या घरात आज तेलामिठाला पैसा नाही, ते घर भाव चढेपर्यंत थांबू शकत नाही. म्हणून अनुदानाचा मोठा वाटा भिंतींवर न घालता ग्रामकोषात खेळत्या भांडवलाच्या रूपाने ठेवावा, म्हणजे फुले आणणाऱ्या बाईच्या हाती त्याच दिवशी रोकड पडेल. बाहेरून आणलेल्या व्यवस्थापकाचा पगार मात्र गावाला कधीच झेपणार नाही.

आणि ज्या झाडांवर हा सारा व्यवहार उभा, त्यांच्याविषयी तुझ्या मसुद्यात एकही ओळ नसावी, याचे मला फार वाईट वाटले. फुले वेचणे सोपे जावे म्हणून मोहाखालचा पाचोळा जाळतात. त्या आगीत रोपे जळतात, आणि जुनी झाडे गेल्यावर त्यांच्या जागी नवी येत नाहीत. झाडाखाली जाळी पसरण्याची आणि रोपे राखण्याची तरतूद पहिल्याच वर्षात घाल. केंद्राच्या खर्चासाठी बांबूच्या उत्पन्नावरही सगळा भार टाकू नकोस, कारण कित्येक वर्षांनी तो फुलोऱ्यावर आला की रानेच्या राने वाळून जातात.

अर्जाची मुदत जवळ आली आहे हे मी जाणतो; तरीही ग्रामसभेत तो गोंडीतून वाचून दाखविल्यावाचून पाठवू नकोस, आणि तेथे जी कलमे बदलतील ती बदललेलीच राहू दे. नवा तक्ता झाला की माझ्याकडे धाड, मी तपासून देईन.

तुझा,
मामा