ढगांखालचं तापमान कोणी पाहिलं?

पोरी, डाउनलोडचं बटण दाबण्याआधी तुला नेमकं काय शोधायचंय ते दोन ओळींत कागदावर लिही. समुद्राच्या पृष्ठभागाच्या उपग्रही तापमानाच्या डझनभर मालिका आज फुकट मिळतात. आमच्या वेळी टेप टपालाने यायच्या, म्हणून मागवण्याआधी चार वेळा विचार व्हायचा. आता सगळं हाताशी आहे, त्यामुळे जो तो सगळ्यात बारीक जाळीची फाइल उचलतो आणि मग तिच्यात बसेल असा प्रश्न शोधत बसतो.

कोकणासमोरचं पाणी गेल्या चाळीसएक वर्षांत किती तापलं, हे पाहायचं असेल तर नोआची ओआयएसएसटी घे. १ सप्टेंबर १९८१ पासून रोजचा एक नकाशा, जाळी पाव अंशाची. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीची एमयूआर दिसायला फार देखणी, शतांश अंशाची, म्हणजे साधारण एक किलोमीटरची. पण ती सुरू होते जून २००२ पासून. सागरी उष्णतेच्या लाटांची रूढ व्याख्या तीस वर्षांच्या नोंदींवर उभी आहे: त्या तारखेच्या ९०व्या शतमकाच्या वर सलग पाच दिवस तरी तापमान राहिलं पाहिजे. एमयूआरला अजून तीस वर्षं झालेलीच नाहीत. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या प्रवाळांवरच्या ताणाचा विषय असेल, तर कोरल रीफ वॉचची पाच किलोमीटरची मालिका १९८५ पासून तयार आहे, त्यासाठी चाकाचा नव्याने शोध लावू नकोस.

आता मुख्य गोष्ट. जुलैमधला कुठलाही एक दिवस निवड. एमयूआरमधून रत्नागिरीसमोरचा तुकडा काप आणि त्याच तारखेचा मोडिस या एकट्या इन्फ्रारेड उपकरणाचा तिसऱ्या पातळीचा नकाशा त्याच्या शेजारी लाव. पहिल्यात एकही भोक दिसणार नाही. दुसरा बहुधा जवळजवळ कोरा असेल. दोघांखालचा समुद्र एकच, मग पहिल्यात आकडे आले कुठून? इन्फ्रारेड उपकरणाला ढगापलीकडचं दिसत नाही, आणि पावसाळ्यात अरबी समुद्रावरचे ढग हटायला तयार नसतात. एमयूआरसारखी चौथ्या पातळीची फाइल ही गोधडी आहे: आदल्या-नंतरच्या दिवसांचे तुकडे, शेजारच्या पाण्याचे तुकडे, मायक्रोवेव्हची मोठी ठिगळं, सगळं गणिताने शिवलेलं. ते गणित चांगलं आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण शिवलेल्या जागेला निरीक्षण म्हणायचं नाही.

म्हणून तापमानाच्या चलाबरोबर त्रुटीच्या अंदाजाचं चलही उतरवून घे. ते त्याच फाइलमध्ये असतं आणि मुलं ते खुशाल सोडून देतात. त्याचाही नकाशा काढ. जिथे त्रुटी वाढलेली दिसते तिथल्या बारीक नक्षीवर, भोवऱ्यांवर आणि थंड पट्ट्यांवर परिच्छेदच्या परिच्छेद लिहू नकोस. जाळी एक किलोमीटरची असली, तरी ढगांच्या दिवसांत खरी माहिती त्याहून कितीतरी जाडीभरडी असते.

मायक्रोवेव्ह ढगांतून पाहतो. टीएमआय १९९७ पासून होता, एएमएसआर-ई २००२ ते २०११, आणि २०१२ पासून एएमएसआर-२ आहे. चक्रीवादळामागे राहणारा गार पाण्याचा पट्टा पाहायचा असेल, उदाहरणार्थ मे २०२१ मधल्या तौक्तेचा, तर यांच्याकडेच जावं लागतं. पण त्यांचा ठिपका काही दहा किलोमीटरांचा, जोरदार पावसात त्यांनाही दिसेनासं होतं आणि किनाऱ्यालगत जमिनीची भेसळ होते, म्हणून किनाऱ्याजवळचं पाणी ते सोडूनच देतात. गंमत बघ: पावसाळ्यात खालचं गार पाणी वर येतं ते किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्ट्यात, केरळ-कर्नाटकाकडे जास्त, आणि नेमक्या त्याच ऋतूत, त्याच पट्ट्यात दोन्ही उपकरणं अधू. वर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे होड्याही बाहेर नाहीत. तुझा प्रबंध याच पट्ट्यावर असेल तर उपग्रहावर विसंबू नकोस, बोयांच्या नोंदींसाठी हैदराबादच्या इन्कॉइसकडे आधीच अर्ज करून ठेव.

मार्च-एप्रिलची तऱ्हा उलटी. आकाश स्वच्छ, वारा पडलेला, निरीक्षणं भरपूर. पण इन्फ्रारेड मोजतो ती पाण्याची वरची कातडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास जाडीची. दुपारच्या उन्हात वारा नसेल तर वरचा थर दोन-तीन अंशांनीही चढू शकतो, आणि हातभर खाली त्याचा पत्ता नसतो. दीर्घकालीन कल पाहायचा असेल तर रात्रीच्या फेऱ्या घे. दिवसाच्या आणि रात्रीच्या फेऱ्या मिसळून मासिक सरासरी काढलेली मला चालत नाही, कोणी कितीही सांगो. उन्हाळ्यात अरबस्तानाकडून येणाऱ्या धुळीकडेही लक्ष ठेव. हवेत धूळ असली की इन्फ्रारेडला समुद्र आहे त्याहून गार भासतो. जून १९९१ मधल्या पिनातुबोच्या उद्रेकानंतर हेच जगभर झालं होतं. जुन्या मालिकेत तेव्हा अचानक गारवा दिसला, तर लगेच हवामानाचा सिद्धांत मांडू नकोस.

मिळवण्याची रीत सोपी आहे. नासाच्या फायलींसाठी अर्थडेटाचं खातं काढ, फुकट असतं. इन्सॅटचा डेटा अहमदाबादच्या मॉसडॅकवर नोंदणी करून मिळतो. उपग्रह एकाच जागी असल्याने दर अर्ध्या तासाला चित्र येतं, दिवसभरातले चढउतार पाहायला उत्तम. पण एमयूआरची जगाची अख्खी फाइल उतरवू नकोस. तिच्यात रोज ३६,००० गुणिले १७,९९९, म्हणजे जवळपास ६५ कोटी चौकोन असतात. १५ ते २० उत्तर आणि ७० ते ७४ पूर्व या कोकणाच्या चौकटीत येतात फक्त दोन लाख. एर्डॅप सर्व्हरवर चल, तारखा आणि चौकट पत्त्यातच लिहिता येते आणि तेवढाच तुकडा हातात येतो. एकेक महिना माग, वीस वर्षं एका दमात मागितलीस तर सर्व्हर मध्येच हात वर करतो. मूळ फायली वेगळ्या फोल्डरात ठेव, त्यांना हात लावू नकोस.

उघडल्यावर पहिलं काम: किमान आणि कमाल छाप. तीनशेच्या आसपासचे आकडे दिसले तर ते केल्विन आहेत, २७३.१५ वजा कर. एमयूआरमधून किमान उणे ७.७७ अंश सेल्सिअस निघालं, किंवा ओआयएसएसटीमधून उणे ९.९९, तर समुद्र गोठलेला नाही. जमिनीवरची रिकामी खूण तू आकडा म्हणून वाचलीस आणि वर तिला गुणक-वाढही लावलीस. मग अक्षांश कुठून सुरू होतात ते बघ. ओआयएसएसटी दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते, मोडिसचा तिसऱ्या पातळीचा नकाशा उत्तरेकडून दक्षिणेकडे. आणि दर्जाची खूण वाचताना दोनदा थांब: जीएचआरएसएसटी या सागरी तापमानाच्या आंतरराष्ट्रीय गटाच्या पद्धतीत ५ सर्वोत्तम, तर नासाच्या ओशन कलर गटाच्या मोडिस फायलींत ० सर्वोत्तम. एकीची गाळणी दुसरीला लावलीस तर नेमका कचरा राखशील आणि सोनं फेकशील.

वेळेचंही तसंच. एमयूआरवर ०९ यूटीसीचा शिक्का असतो, म्हणजे आपल्याकडे दुपारचे अडीच. ते दुपारचं तापमान नव्हे; ती मालिका रात्रीच्या निरीक्षणांवर बेतलेली आहे. ओआयएसएसटीचे ताजे दिवस कच्चे असतात आणि सुमारे दोन आठवड्यांनी पक्के होऊन बदलतात, म्हणून शेवटचे दोन आठवडे पुन्हा उतरवून घ्यायचे.

पडताळणीला आर्गो फ्लोट किंवा बोया घेशील तेव्हा आधी बघ, ते त्या मालिकेत आधीच मिसळलेले आहेत का. ओआयएसएसटीमध्ये जहाजं, बोया आणि आर्गो तिन्ही आहेत. मग "फार छान जुळलं" हे वाक्य लिहायचं नाही, कारण परीक्षकच पेपर सोडवायला बसलेला असतो. पडताळणीसाठी मिसळलेलं नसेल असं एखादं मोजमाप शोध, मग ते एका जहाजाच्या एका फेरीचं का असेना.

प्रबंधात मालिकेचं नाव, आवृत्ती, पातळी, डीओआय आणि उतरवल्याची तारीख लिही. आवृत्ती वगळू नकोस, ओआयएसएसटीची २.१ ही २०१६ पासूनच्या दिवसांसाठी आधीच्या आवृत्तीहून वेगळी आहे. एखादा ठिपका काही केल्या समजला नाही, तर मालिका बनवणाऱ्यांना सरळ ईमेल कर. फाइलचं पूर्ण नाव, तारीख आणि अक्षांश-रेखांश पहिल्याच ओळीत दे, म्हणजे त्यांना तुझ्याकडे उलट विचारावं लागणार नाही.