प्रपंच अनित्य आहे, मिथ्या नव्हे

ब्रह्मविद्याशास्त्रात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न व अनादी मानले आहेत. त्यांपैकी प्रपंच जड असून तो कारणरूपाने नित्य आणि कार्यरूपाने अनित्य आहे. कार्यरूप प्रपंच सृष्टिसमयी घडतो व संहारसमयी मोडतो, म्हणून तो अनित्य. परंतु जे मोडते ते मुळात नव्हतेच, असा त्याचा अर्थ नाही. मायावादाहून परमार्गाचे वेगळेपण येथेच आहे. जगताला मिथ्या ठरविणारा एक नवा पूर्वपक्ष संगणकाच्या द्वारे पुढे आला आहे. मोबाईल गावोगावी पोचल्यामुळे कारंजा तालुक्यातील धनजसारख्या गावच्या मुलांच्याही कानी तो पडू शकतो. म्हणून हा भेद पुन्हा विशद करणे अगत्याचे आहे.

पूर्वपक्ष

१९७२ मध्ये अमेरिकेतील अटारी कंपनीने ‘पाँग’ नावाचा व्हिडिओ गेम आणला. पडद्यावर दोन पट्ट्या आणि त्यांमध्ये उसळणारा एक ठिपका, एवढेच त्याचे स्वरूप होते. आज अशा खेळांतील पाणी, धूर व मनुष्यमुखे खऱ्यासारखी भासतात. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धकाळात ‘आर्मा ३’ या खेळातील दृश्ये खऱ्या लढाईची म्हणून पसरली आणि खेळाच्या निर्मात्यांना जाहीर खुलासा करावा लागला.

या प्रगतीवरून उद्योजक इलॉन मस्क यांनी २०१६ मध्ये असे अनुमान मांडले, की पुढे खेळ व सत्य यांत भेदच उरणार नाही. म्हणून आपणही कोणाच्या तरी संगणकातील प्रतिसृष्टीत असण्याचाच संभव अधिक. त्यापूर्वी २००३ मध्ये तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रॉम यांनी हा विचार काटेकोरपणे मांडला होता. त्यांच्या मते तीनपैकी एक तरी विधान खरे असले पाहिजे : एवढे सामर्थ्य येण्यापूर्वीच मानवसमाज नष्ट होतात, किंवा सामर्थ्य येऊनही ते पूर्वजांच्या प्रतिसृष्टी सहसा चालवीत नाहीत, किंवा आपण जवळजवळ निश्चितपणे अशा प्रतिसृष्टीत आहोत. तिसरेच खरे, असे बॉस्ट्रॉम म्हणत नाहीत. लोकांत मात्र तेवढेच पसरले.

उत्तरपक्ष

प्रथम, संगणकही जडच होय. धातू, वाळूपासून काढलेले सिलिकॉन व वीज यांवाचून तो चालत नाही. त्यातील दृश्यास आधार म्हणून बाहेर कोठे तरी प्रपंच मानावाच लागतो. म्हणून या युक्तिवादाने प्रपंचाचे खंडन होत नाही. तो केवळ एक पायरी मागे सरतो.

दुसरे, बॉस्ट्रॉम यांनी आरंभीच एक गोष्ट गृहीत धरली आहे. योग्य रीतीने गणित चालविल्यास यंत्रातही जाणीव उत्पन्न होते, ही ती गोष्ट. सारी इमारत या पायावर उभी आहे. आपल्या शास्त्रात जडापासून चैतन्य उपजत नाही. जीव हा स्वतंत्र पदार्थ आहे. खेळातील सैनिकास घाव लागला तर दुःख सैनिकास होत नाही; हार झाल्याचे दुःख खेळणाऱ्या जीवास होते. गृहीतच अमान्य झाल्यावर निष्कर्षाचे बंधन राहत नाही.

तिसरे, प्रतिसृष्टीचा कर्ता म्हणजे परमेश्वर, अशी कोणी समजूत करून घेईल. ती घातक आहे. तो कर्ताही दुसऱ्या कोणाच्या प्रतिसृष्टीत असू शकेल, हे बॉस्ट्रॉम यांनाही मान्य आहे. म्हणजे तो सामर्थ्यवान असला तरी बद्धच. परमेश्वर नित्यमुक्त आहे. नित्यबद्ध देवताही आपापल्या मर्यादेतील फळ देतात, मोक्ष देऊ शकत नाहीत. मग अशा कर्त्यापासून जीवाचे कोणते बंधन सुटणार?

आचारविचार

अकोला–पूर्णा लोहमार्गावर वाशीमच्या पुढे हिंगोली आहे. तेथे मार्च २०१९ मध्ये रुळांजवळ मोबाईलवर ‘पबजी’ खेळण्यात गढलेले दोन तरुण गाडीखाली सापडून मरण पावले, अशी वार्ता वृत्तपत्रांत आली होती. त्या खेळात मेलेला गडी पुढच्या डावात पुन्हा उभा राहतो. मनुष्यदेहास तसा दुसरा डाव नाही. मायबापांच्या दुःखाला आभास म्हणण्याचे धाडस कोण करील? अनित्य देहाचा घातही खराच असतो. अनित्य म्हणूनच तो देह जपून साधनाकडे लावावयाचा.

येथे शंका येते : चित्रातील शत्रू मारल्याने हिंसा घडते काय? तेथे जीव नाही, म्हणून परपीडा नाही. परंतु मारण्याची गोडी ज्या मनात रुजते ते मन खरे आहे, आणि त्या गोडीत घालविलेला वेळही खरा आहे. अहिंसेचा आचार केवळ हातापुरता नसून चित्तापर्यंत पोचतो, हे उपदेशी मंडळींनी मुलांना रागाने नव्हे, तर प्रेमाने समजावून सांगावे.

तात्पर्य, जगत् खोटे म्हटले की कर्मही खोटे ठरते, आणि कर्म खोटे ठरले की आचाराचा पायाच खचतो. जगत् खरे परंतु अनित्य मानले, म्हणजे जीवदया आणि वैराग्य ही दोन्ही टिकतात. साधकाने हा भेद दृढ धरावा आणि हाती असलेले दिवस नामस्मरणात वेचावे.