आधी कुणाला भेटशील?

जमिनीत पैसे गुंतवायला शिकवणाऱ्या पुण्यातल्या त्या ऑनलाइन क्लासची फी भरू नकोस, हे आधीच सांगून टाकते. ते शिकवतात भाड्याचं गणित आणि कर्जाचे हप्ते. तू बँकेत बसतेस, तुला ते झोपेतही येतं. पण औशाच्या शिवारातली जमीन निजामाच्या राज्यातून आपल्याकडे आलीय. तिचे कागद वेगळे, तिचे कायदे वेगळे. ते उलगडून सांगणारी माणसं पुण्यात नाहीत गं, इथेच आहेत, तहसीलच्या आवारात नाहीतर किल्ल्याकडच्या एखाद्या ओट्यावर.

तू म्हणालीस, "ताई, ओळखी वाढवायच्यात, पण सुरुवात कुठून करू?" तुला प्लॉट दाखवणाऱ्यापासून करू नकोस. एजंट लागतोच, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण तू 'हो' म्हणालीस की त्याला दलाली मिळते, मग तो तुला 'थांब' कसा म्हणेल? सल्ला अशांचा घ्यायचा ज्यांना तुझ्या खरेदीतून दमडीही मिळणार नाही, किंवा तू खरेदी केलीस काय आणि मोडलीस काय, ज्यांची फी तेवढीच राहणार आहे.

पहिला माणूस निवृत्त तलाठी. त्या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण लोक तलाठीच म्हणणार. सातबारा काय, तू मोबाइलवर दोन मिनिटांत काढशील. तो मात्र विचारेल, "खासरा बघितलास का?" 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक हा मराठवाड्यातल्या जमिनीचा मूळ कागद. त्यात कुणाचं नाव होतं, जमीन मदतमाश किंवा खिदमतमाश इनामाची होती का, कूळ कोण होतं, हे कळतं. इनामाची जमीन बहुतेक वर्ग-2 असते, परवानगीशिवाय विकता येत नाही. हैदराबाद कुळवहिवाट कायदा 1950 चा, इनामं रद्द करणारा 1954 चा. पश्चिम महाराष्ट्रातल्या वकिलालाही हे कायदे पुस्तक उघडून बघावे लागतात. आपल्या तलाठीकाकांनी त्यावर उभा जन्म काढलेला असतो. खासऱ्याच्याही मागच्या नोंदी उर्दूत सापडतात. औशात उर्दू वाचणारे निवृत्त गुरुजी शोधायला लांब जावं लागत नाही.

आता त्यांच्याशी बोलायचं कसं? "मला गाइड करा काका," असं म्हणू नकोस. त्यावर माणूस चहा पाजतो आणि विषय बदलतो. हातात एक सातबारा, त्याचे मागचे सगळे फेरफार आणि एकच नेमका प्रश्न घेऊन जा. "हा 'इतर हक्क' रकान्यातला शेरा कशामुळे असेल?" एवढंच. जुन्या माणसाला कागद दिसला की राहवत नाही, तो आपोआप बोलतो. आणि रिकाम्या हातानं घेत राहू नकोस. नोव्हेंबरात त्यांना हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो फोनवरून भरून दे. 'आपली चावडी'वर फेरफाराची नोंद कशी बघायची ते दाखव. त्यांच्या डोक्यात पन्नास वर्षांची गावं आहेत, तुझ्या हातात फोन आहे. फिट्टंफाट.

दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसणारा दस्तलेखक हा दुसरा. त्याला पैसे देऊन बोल, फुकट नको. सांगितलेला भाव काय आणि दस्तात लिहिलेला काय, कोणत्या लेआउटचे दस्त अडतात, हे तो रोज बघतो. कुणी तुला म्हणालं, "नोटरी करून देतो, रजिस्ट्री नंतर बघू," तर त्या कागदाचं मोल या दस्तलेखकालाच विचार. तुकडेबंदीमुळे जिरायतीचे 20 आणि बागायतीचे 10 गुंठे, याहून लहान तुकड्याची खरेदी शेतीत सहसा होत नाही. म्हणूनच ही नोटरीची टूम निघाली. भिशीतल्या तुम्ही चौघी मिळून एकर घेऊ आणि पुढे वाटून घेऊ म्हणताय ना, जमीन जिरायती असली तर तिथंही हेच आडवं येईल.

आता खरं सांगायचं ते. हे पुरुषमाणसाला जमत नाही, तुला जमेल. जमीन विकणाऱ्याच्या घरी जा आणि आतल्या बायकांशी बोल.

एजंट तुला सातबारावरची तीन भावांची नावं दाखवेल. बहिणी किती, हे विचार. हिंदू घरातली वडिलोपार्जित जमीन असली तर मुलींना हक्क आहे. महाराष्ट्रानं तो 1994 च्या दुरुस्तीनं दिला, केंद्रानं 2005 ला, आणि 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हा हक्क जन्मानंच मिळतो, 2005 ला वडील हयात असोत नसोत. एक बहीण निलंग्याला दिलेली, एक सोलापूरला. हक्कसोडपत्र झालंय का? झालं असेल तर नोंदवलेलं आहे का, की "ती काही बोलणार नाही हो," एवढ्यावरच चाललंय? भाऊ बैठकीत बसून "सगळं क्लिअर आहे" म्हणतो, आणि आत त्याची बायको भाकरी थापता थापता सांगते की नणंद दिवाळीपासून बोलत नाही. झालं तुझं टायटल सर्च! अर्थात वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च घेच, पण बहिणीचं रुसणं इंडेक्स टूमध्ये नोंदलेलं नसतं. आणि त्या बहिणीला तिचा वाटा न मिळता तुला प्लॉट स्वस्त मिळत असेल, तर तो घेऊच नये असं माझं मत आहे. कायद्याच्या भीतीनं नाही, तसंच.

लातूरला खोल्या बांधून भाड्यानं द्यायचं तुझं जे दुसरं चाललंय, त्यासाठी मुलींना खोल्या देणाऱ्या घरमालकिणींना भेट. नीटच्या क्लासमुळे मुलं येतच राहतात, ते ठीक. पण एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते हेच शहर. भाडं किती, हे विचारण्याआधी मे महिन्यात टँकरला किती जातात, हे विचार. किल्लारी आपल्याच तालुक्यातली. 30 सप्टेंबर 1993 नंतर इथल्या मिस्त्र्यांना काळ्या मातीतला पाया आणि बीम यांबद्दल जे कळलंय, ते ब्रोशरमध्ये मिळणार नाही. हरंगुळच्या रेल्वे डबे कारखान्याचं आणि शक्तिपीठ महामार्गाचं नाव घेऊन भाव सांगणाऱ्याला एवढंच म्हण, "शेजारच्या गटाची मागच्या वर्षीची नोंदलेली खरेदी दाखवा."

हो, आणि "बाईच्या नावावर घ्या, मुद्रांकात एक टक्का सवलत," असं एजंट म्हणाला ना? ती सवलत घराला आहे, मोकळ्या प्लॉटला नाही. त्याला माहीत नसेल तर एक गोष्ट, माहीत असून बोलला असेल तर दुसरी. लेआउट मोठा असेल, 500 चौरस मीटरच्या वर आणि आठापेक्षा जास्त प्लॉटचा, तर महारेराचा क्रमांक माग. त्यावर तो काय म्हणतो, त्यावरूनही माणूस कळेल.

शनिवारी येतेस तेव्हा फेरफार सगळे आण, मधला एकही नंबर सुटायला नको. तोवर टोकन देऊ नकोस. "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे," म्हणाला तर म्हणावं, त्यालाच द्या.