भुतं जमवणाऱ्या भाचीस

पोरी, तू 'मॉन्स्टर फायटर्स'च्या नादी लागलीस हे तुझ्या बाबाने फोनवर सांगितलं आणि वर "तुझंच बघून बिघडली" असंही सुनावलं. बिघडलीच आहेस तर आता नीट बिघड. इथे शिकागोजवळ राहून, शॉमबर्गच्या 'ब्रिकवर्ल्ड' या लेगोच्या मेळ्यात टेबलांमागे उभं राहून जे कळलं ते तुला सांगून ठेवते. ऐकायचं की नाही ते तुझं तू बघ.

सगळ्यात आधी, खोक्यावर जीव टाकू नकोस. पीस ओळखायला शीक. लेगोची ही मालिका २०१२ सालची. लॉर्ड व्हँपायरला सहा चांद्रशिळा गोळा करून सूर्य झाकायचा असतो आणि डॉक्टर रॉडनी रॅथबोनची टोळी त्याला अडवते, एवढंच कथानक. मुख्य सेट नऊ. दलदलीतल्या प्राण्याचा सत्तर पीसचा चिमुकला सेट, मधे ममी, लांडगामाणूस, भुतांची आगगाडी, व्हँपायरचा किल्ला, आणि टोकाला २०६४ पीसचं 'हाँटेड हाउस'. दुकानातून ही मंडळी लवकर उठली. म्हणजे आज तू जे घेशील ते कुणाच्या तरी कपाटातून आलेलं असणार. सीलबंद खोक्याचे जे जादा पैसे मोजशील ते पुठ्ठ्याचे, भुतांचे नव्हेत.

आता काम कसं करायचं ते सांगते. बांधणीच्या पुस्तिका कंपनी स्वतःच फुकट देते, उतरवून घे. कुठल्या सेटमध्ये कुठला पीस किती, याच्या याद्या चाहत्यांनी केव्हाच करून ठेवल्यात. घरात तुझ्या दादाचे जुने ठोकळे पोत्याने पडलेत, ते आधी मोज. उरलेले सुटे मागव. सुट्या पीसचा मोठा बाजार म्हणजे ब्रिकलिंक. २००० साली तो एका चाहत्याने सुरू केला आणि २०१९ मध्ये लेगो कंपनीनेच विकत घेतला. तिथे राखाडी ठोकळा राखाडी ठोकळ्याच्याच भावाने मिळतो, तो भुताच्या घराचा आहे म्हणून महाग होत नाही. पैसे कुठे सोडायचे? मिनिफिगर्सवर, म्हणजे छोट्या बाहुल्यांवर, आणि छापील पीसवर, कारण तेच दुसऱ्या कशातून भागत नाहीत. 'हाँटेड हाउस'मध्ये लॉर्ड व्हँपायर, त्याची बायको, राक्षस बटलर, झाँबी आचारी आणि दोन भुतं, एवढीच माणसं आहेत (माणसं म्हणायची आपली). ही सहा जमली की घर जमलंच म्हणून समज. भिंतीचा रंग महाग पडत असेल तर खुशाल बदल. एखादा नाक मुरडेल, मुरडू दे.

भारतातून मागवताना मात्र हिशेब आधी कर. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये वीस टक्क्यांवरून साठवर गेलं आणि २०२३ मध्ये सत्तरवर. तू मागवशील त्या दिवशी दर काय आहे ते पाहून घे. एका विक्रेत्याकडून एकदाच, भरपूर, असं मागवलं तर टपालखर्च तरी वाटला जातो. दर आठवड्याला चार-चार पीस मागवणारे हमखास रडतात.

आता मिनिफिगर हातात घेऊन पाहण्याची रीत. यात घाई करायची नाही. आधी उजेडाकडे धर आणि हात वर कर, दोन्ही. काखेच्या खाली, धडाच्या कडेला, केसाएवढी उभी भेग दिसते का ते बघ. हात बसवलेला असतो तिथे सतत ताण असतो आणि जुनी धडं तिथेच फुटतात. विक्रेते फोटो काढतात ते हात खाली सोडून, त्यामुळे भेग झाकते. हात वर केलेला फोटो माग. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नकोस. मग डोकं काढ. मानेच्या खुंटीवर अगदी बारीक अक्षरात लेगोचं नाव उठावात असतं, ते भिंगातून दिसलं पाहिजे. नकली मालात खुंटी गुळगुळीत असते, पाय बसवताना एकतर सैल लागतात नाहीतर भलतेच घट्ट, आणि चेहऱ्यावरची छपाई कडेला पसरलेली असते. झाँबीच्या हिरवट-करड्या चेहऱ्यावर हे चटकन कळत नाही, म्हणून नकली माल करणाऱ्यांचं झाँबींवर विशेष प्रेम.

भुताचं निराळं प्रकरण आहे. अंधारात चमकणारं लेगोचं पहिलं भूत १९९० सालचं. ते वरून गोलसर आहे, २०१२ चं टोकदार डोक्याचं. दोघांच्याही पांघरुणाखाली पाय नसतात, एक बाय दोनचा ठोकळा आणि त्याच मापाची प्लेट असते. विक्रेते हे दोघं सर्रास एकत्र करतात. पांघरूण उचलून खालचा भागही तपास, पुष्कळदा तो गायब असतो आणि भूत नुसतं रिकामं कव्हर म्हणून येतं.

लॉर्ड व्हँपायरचं कापडी पांघरूण धुवायचं नाही. सुरकुती पडली असेल तर जाड पुस्तकात दाबून ठेव. चढवताना डोकं काढ, गळ्याची दोन्ही भोकं एकेक करून खुंटीवर सरकव. ओढलंस तर भोक फाटतं, आणि फाटलेल्याचं काही करता येत नाही. छापील पीस चालेल, पण स्टिकर लावलेला पीस पाण्यात भिजवायचा नाही. बाकी सगळं कोमट पाण्यात. कंपनी चाळीस अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नका म्हणते, तू तिचं ऐक. थोडा सौम्य साबण, मऊ ब्रश, मग चाळणीत निथळत ठेवून पंख्याच्या वाऱ्यावर वाळव. उन्हात नको आणि हेअर ड्रायर तर नकोच.

उन्हाचं सांगते म्हणजे तुला लक्षात राहील. हे ठोकळे १९६३ पासून एबीएस प्लास्टिकचे असतात, आणि एबीएस ऊन-उजेडाने पिवळं पडतं. पांढरा, राखाडी आणि निळा यांच्यावर ते आधी दिसतं. चमकणाऱ्या भुताला उजेड तर लागतोच, नाहीतर ते रात्री चमकणार कसं? म्हणून त्याला खिडकीत उभं करू नकोस. छोटी टॉर्च घे, जांभळ्या प्रकाशाची असेल तर फार उत्तम. दोन मिनिटं धरलीस की पुरे. पिवळे पडलेले ठोकळे हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये उजळतात, ते खरं आहे, पण त्यानंतर काही पुन्हा पिवळे पडतात आणि काही ठिसूळ होतात. तुझ्यासारखीने त्यात पडू नये. पिवळा पडलेला पांढरा ठोकळा जुन्या वाड्याच्या भिंतीत किती शोभतो ते एकदा लावून तर बघ.

ठिसूळ म्हटलं म्हणून आठवलं. मॉन्स्टर फायटर्सच्या वर्षांतला तांबूस तपकिरी आणि गडद लाल रंग चाहत्यांत बदनाम आहे. भुताखेतांच्या मालिकेत हेच रंग तर हवेत, शवपेट्या काय आणि फाटके दरवाजे काय. क्लिप असलेले तपकिरी पीस नुसते बसवताना कटकन तुटतात. म्हणून वापरलेला सेट आला की लगेच उलगडू नकोस. एक-दोन तास खोलीत ठेव, टपालातून थंडगार आलेला असला तर मुळीच हात लावू नकोस. काढताना ओढायचं नाही, ठोकळे सुटे करायचा विभाजक वापर, तो नारिंगी पीस मोठ्या सेटमध्ये येतोच. दात नकोत. आपल्या घरातले सगळे दातच वापरतात, तुझी आजीही.

बांधणीबद्दल बोलायला लागले तर रात्र पुरणार नाही, तरी दोन गोष्टी सांगते. आडवी भिंत लावताना गणित पक्कं ठेव. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, प्लेट त्याच्या तिसऱ्या हिश्शाची म्हणजे ३.२, आणि दोन स्टडमधलं, म्हणजे ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्यांमधलं, अंतर ८. पाच प्लेटा एकावर एक ठेवल्या की सोळा मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन स्टड. हे बसलं की भिंत कुशीवर वळवता येते, खिडक्या तिरक्या बसतात, उखडलेली वीट बाहेर डोकावते. त्यासाठी जो बाजूला स्टड असलेला छोटा ठोकळा लागतो त्याला आपण हेडलाइट म्हणतो, जुनी मंडळी 'अर्लिंग' म्हणतात, कंपनीतल्या अर्लिंग डिडरिक्सन या डिझायनरच्या नावावरून. हे पीस मूठभर ठेव, कधीच पुरत नाहीत.

दुसरं, भूत दाखवायची घाई करू नकोस. नवीन मुलं एका खोलीत नऊ झाँबी, दोन ममी आणि एक लांडगामाणूस ठेवतात, मग ती खोली एसटी स्टँड होते. एक खिडकी उजळ ठेव, बाकीच्या काळ्या. जिना अर्धा तुटलेला असू दे. जेवणाच्या टेबलावर एक ताट वाढलेलं, खुर्ची मागे सरकवलेली, आणि माणूस नाही. आचारी झाँबी स्वयंपाकघरातच राहू दे, तो दारातून अर्धा दिसला तरी काम झालं. जुन्या आणि नव्या सेटचे पीस बेलाशक मिसळ. १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो, तर २००२ च्या 'स्टुडिओज' मालिकेतला व्हँपायर तुझ्या वाड्यात का बसू नये? २०२० च्या जत्रेच्या मालिकेतलं 'हाँटेड हाउस' ३२३१ पीसचं आहे, आत वरून खाली कोसळणारी लिफ्ट आहे. त्याचा मालक सॅम्युअल व्हॉन बॅरन हा १९९८ च्या 'ॲडव्हेंचरर्स'मधला खलनायक, त्याला कंपनीनेच असा मिसळलाय.

आणि मिसळायचंच तर आपलं काही कर. कोकणातलं जांभ्याचं घर बांध ना! जांभ्याला गडद लाल आणि तांबूस तपकिरी, दोन्ही चालतात. फक्त क्लिप कमी वापर, कारण वर सांगितलंय. विहिरीवर हडळ, पिंपळाच्या पारावर मुंजा, ओढ्यात गिऱ्हा. मुंजाला मॉन्स्टर फायटर्सचं डोकं चालणार नाही, लहान मुलाचे न वाकणारे आखूड पाय आणि साधं डोकं घे. गिऱ्ह्याला दलदलीतल्या प्राण्याचं सगळंच चालतं. इथल्या मेळ्यात व्हिक्टोरियन वाडे इतके येतात की माणूस कंटाळतो. जांभ्याच्या घरापुढे गर्दी होईल, माझं नाव सांग.

मेळ्यातल्या रीतीही ऐकून घे, पुढेमागे येशीलच. स्वतः रचलेल्या बांधणीला मॉक म्हणतात, तुझ्यासारख्या मोठ्या चाहत्यांना अॅफॉल. दुसऱ्याच्या मॉकला हात लावायचा नाही, वाकून बघायचं, पर्स आणि ओढणी आवरून. आवडलं तर आधी विचार, "ही भिंत कशी वळवलीस?" लोक जीव तोडून सांगतात, टेबलाखालून सुटे पीस काढून करून दाखवतात. कुणाची युक्ती वापरलीस तर आपल्या पाटीवर त्याचं नाव लिही. काही जण पीस कापत नाहीत, रंगवत नाहीत, चिकटवत नाहीत. त्यांच्याशी वाद घालू नकोस, आणि कापणाऱ्यांशीही नको. नवीन माणसाने तिथे कान उघडे ठेवावेत, मत पुढच्या वर्षी द्यावं.

आत कुठली मिनिफिगर आहे ते न दाखवता विकलेल्या छोट्या पिशव्यांचा नाद मात्र सोड. त्यांतली २०१५ ची चौदावी मालिका सगळी राक्षसांचीच होती, तेव्हा पिशवी चाचपून आत काय आहे ते कळायचं, कोळीणबाईचं कापड वेगळं लागायचं. २०२३ पासून पिशव्यांच्या जागी पुठ्ठ्याची खोकी आली, चाचपणं संपलं. आता हवी ती मिनिफिगर सुटी घेतलेलीच बरी.

शेवटचं. 'द झाँबीज' हा ४४७ पीसचा सेट तुला हवा आहे हे मला माहीत आहे, नवरा, नवरी आणि ड्रायव्हर, तिघंही. कुणी सीलबंद म्हणून अव्वाच्या सव्वा भाव सांगितला तर सरळ नाही म्हण. त्यातली काळी गाडी घरातल्या पोत्यातून होईल. तिघं सुटे मिळतात, घाई करू नकोस, आणि नवरी घेताना हात वर केलेला फोटो मागायला विसरू नकोस.