दाखल्यांच्या हिशेबात न मावणारे संशोधन

वैद्यकीय संशोधनाची वाट धरू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची, आणि त्याच्याहून अधिक धास्तावलेल्या त्याच्या पालकांची, सुरुवातीलाच ज्या शब्दांशी गाठ पडते ते म्हणजे ‘पब्लिकेशन’, ‘सायटेशन’, ‘एच-इंडेक्स’ आणि ‘इम्पॅक्ट फॅक्टर’. महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर प्राध्यापकांच्या नावापुढे हे आकडे मांडलेले असतात, आणि दहावीपासून टक्केवारी व पर्सेंटाइल वाचण्याची सवय जडलेले घर तेही गुणपत्रिकेसारखेच वाचते. जालना एमआयडीसीतील घरांना खरे तर याहून चांगली पारख आहे. भंगार वितळवून त्याचे बिलेट ओतायचे आणि रोलिंग मिलमध्ये त्यातून सळई काढायची, या कामात महिन्याला किती टन माल निघाला हा एक हिशेब असतो आणि ती सळई ताणाच्या व वाकवण्याच्या चाचणीत टिकली की नाही हा दुसरा. पहिल्यावरून दुसरा सांगता येत नाही, हे पाळीवर जाणाऱ्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

संशोधनाचा हिशेब शोधनिबंधापासून सुरू होतो. संशोधकाने काय पाहिले, ते कसे मोजले आणि त्यातून काय निष्पन्न झाले याची नेमकी मांडणी करणारा लेख नियतकालिकाकडे पाठवला जातो, त्या विषयातील दोन-तीन जाणकार तो तपासून शंका काढतात, दुरुस्त्या मागतात किंवा लेख परत पाठवतात, आणि या ‘समकक्ष परीक्षणा’तून पार पडलेला लेखच छापला जातो. पुढे दुसरा संशोधक आपला लेख लिहिताना या लेखाचा आधार घेतो व तसे नमूद करतो. त्यालाच सायटेशन, म्हणजे दाखला म्हणतात (शाळा सोडल्याचा तो वेगळा). दाखल्यांची संख्या हे त्या कामाचे वजन मोजण्याचे सर्वांत रूढ माप आहे. या मापाची मेख अशी की दाखला देऊ शकतो तो फक्त स्वतः लेख लिहिणारा. जालन्याला बियाण्याचा व्यवहार मुरलेला असल्यामुळे हे येथे चटकन उमगावे: कंपनीच्या पिशवीची पावती फाटते, पण एका शेतकऱ्याने घरचे म्हणून राखलेले आणि शेजाऱ्याला पायलीभर दिलेले चांगल्या वाणाचे बियाणे कोणत्याच वहीत चढत नाही, जरी शिवारात पीक त्याचेच उभे असले तरी.

या मर्यादेचे सर्वांत बोलके उदाहरण जालना जिल्ह्यातच जन्मले. भोकरदन तालुक्यातील देहेड या गावी १९५१ मध्ये जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाले आणि १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले; तो जिल्हा तेव्हा कुलाबा होता, आता रायगड आहे. कोकणातील लाल विंचू चावलेले रुग्ण, त्यातही मुले, तेथे वारंवार येत आणि काही तासांत दगावत. वेदना थांबवली की उपचार झाला अशी समजूत असताना बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातपायांचा गारठा आणि श्वास यांची तासातासाने नोंद ठेवली, आणि या रुग्णांचा जीव हृदय व फुप्फुसे निकामी झाल्यामुळे जातो हे त्या नोंदींतून पुढे आले. या निरीक्षणांवरील त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या लंडनच्या नियतकालिकात छापून आला.

त्यामागची शरीरक्रिया अशी आहे. विंचवाचे विष मज्जातंतूंना इतके चेतवते की ॲड्रेनलिनच्या जातीची द्रव्ये रक्तात एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, आवळलेल्या नळ्यांतून रक्त रेटणारे हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साठून रुग्ण गुदमरतो. प्राझोसिन हे उच्च रक्तदाबासाठी वापरात असलेले औषध नेमक्या याच आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, तेव्हा ते येथे लागू पडले पाहिजे हा तर्क बावस्करांनी लढवला, रुग्णांवर त्याचा परिणाम नोंदवला आणि १९८६ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध केला. पूर्वी गंभीर रुग्णांत चाळीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचारानंतर एक टक्क्याच्या आसपास आले, अशी नोंद त्यांच्या लेखनात आहे. औषध गोळीच्या रूपात मिळणारे आणि स्वस्त असल्यामुळे ते तालुक्याच्या दवाखान्यातही देता येत होते. शासनाने २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री दिली.

आता हे काम दाखल्यांच्या तराजूत टाकले तर काय होते? विंचूदंश हा प्रामुख्याने उष्ण प्रदेशांतील गरिबांचा प्रश्न असल्याने त्यावर लिहिणारे जगात मोजके आहेत, उलट कर्करोग किंवा मधुमेहावर हजारो प्रयोगशाळांतून रोज लिहिले जाते. साहजिकच त्या विषयांतील मध्यम प्रतीच्या लेखालाही विंचवावरील उत्तम लेखापेक्षा अधिक दाखले मिळू शकतात. शिवाय ज्या डॉक्टरने रात्री अकराला, मोटारसायकलवरून आणलेल्या मुलाला प्राझोसिनची गोळी दिली, त्याने संशोधनाचा सर्वांत मोलाचा उपयोग केलेला असतो, पण त्याला शोधनिबंध लिहायचा नसतो, त्यामुळे त्याचा दाखला कोठेच उमटत नाही. वैद्यकशास्त्राचे बहुतांश वाचक असेच, न लिहिणारे असतात. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातीलच प्रशिक्षित स्त्रियांकडून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा जो प्रयोग ३९ गावांत केला, त्याचा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाते त्या शासकीय कार्यक्रमामागे हा प्रयोग आहे, आणि आशाताईंच्या त्या फेऱ्याही दाखल्यांत धरल्या जात नाहीत.

एच-इंडेक्स हे माप होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवले. समजा, एखाद्या संशोधकाचे सहा लेख आहेत आणि त्यांना अनुक्रमे ६०, ९, ६, ५, ४ व २ दाखले मिळाले आहेत. निदान चार दाखले मिळालेले किमान चार लेख त्याच्याकडे आहेत, मात्र पाच दाखल्यांचे पाच लेख नाहीत, म्हणून त्याचा एच-इंडेक्स ४. दुसऱ्याचे तीनच लेख असून त्यांना ३००, २ व २ दाखले असतील, तर त्याचा एच-इंडेक्स २ ठरतो, म्हणजे तीनशे जणांनी आधार घेतलेला तो एक लेख या मापाला जवळजवळ दिसतच नाही. इम्पॅक्ट फॅक्टर हे तर संशोधकाचे माप नव्हेच: नियतकालिकाने मागील दोन वर्षांत छापलेल्या लेखांना चालू वर्षात सरासरी किती दाखले मिळाले हे तो सांगतो, आणि त्यावरून एकट्यादुकट्या माणसाची किंमत करणे म्हणजे शाळेच्या निकालावरून एका मुलाचे गुण ठरवणे. संशोधकांनीच २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा काढून या गैरवापराला विरोध नोंदवला, तरी नेमणुका आणि बढत्यांत तो चालूच आहे. शिवाय दाखला म्हणजे कौतुकच असेही नाही. गोवराच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा, अवघ्या बारा मुलांवर आधारलेला अँड्र्यू वेकफील्ड यांचा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला, पण त्याला खोडून काढणाऱ्यांनीही त्याचा दाखला दिल्यामुळे त्याच्या दाखल्यांची संख्या फुगलेलीच आहे.

एखाद्याचे प्रकाशनकार्य स्वतः पाहायचे असेल तर पबमेड ही वैद्यकीय लेखांची सूची मोबाइलवरही फुकट उघडते. तेथे आडनाव आधी आणि नावाची आद्याक्षरे नंतर अशी पद्धत असल्याने मराठी नावांचा चांगलाच गोंधळ उडतो: पाटील, जाधव, शिंदे या आडनावांखाली एकाच आद्याक्षरांची अनेक माणसे एका रांगेत येतात, एकाच आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे केलेले असते, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे आधीचे काम दुसऱ्याच नावावर पडून राहते. त्यावर उपाय म्हणून ‘ऑर्किड’ हा सोळा अंकी ओळख क्रमांक २०१२ पासून विनामूल्य दिला जातो. विद्यार्थ्याने तो पहिला लेख पाठवण्यापूर्वीच घेतलेला बरा. लेखकांच्या रांगेत पहिले नाव सहसा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे मार्गदर्शकाचे असते. मधल्या पंधरा नावांचा वाटा किती, हे बाहेरच्याला कळणे कठीण.

वैद्यकीय महाविद्यालयांत बढतीसाठी शोधनिबंधांची अट असते, आणि जेथे अट असते तेथे बाजार भरतोच. पैसे घेऊन, कसलेही परीक्षण न करता चार दिवसांत लेख छापणारी नियतकालिके ‘आदरणीय डॉक्टर’ अशी सुरुवात असलेले ईमेल धाडत असतात. अलीकडे हा बाजार अकरावी-बारावीच्या मुलांपर्यंत पोचला असून ‘मुलाच्या नावावर रिसर्च पेपर’ अशी पॅकेजेस विकली जातात. नीटच्या गुणांवर होणाऱ्या एमबीबीएसच्या प्रवेशात अशा लेखाला काडीचेही स्थान नाही, तेव्हा पालकांनी त्यावर खर्च केलेला रुपया सरळ पाण्यात जातो.

खरी वाट लांब आहे, पण आडवळणाची नाही. एमबीबीएसची साडेचार वर्षे, इंटर्नशिपचे एक वर्ष आणि त्यापुढे एमडी किंवा एमएसची तीन वर्षे असा क्रम असून या शेवटच्या टप्प्यात प्रबंध सक्तीचा असल्यामुळे संशोधनाशी पहिली गंभीर ओळख बहुतेकांची तेथेच होते. वाट न पाहणाऱ्यांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, १९७९ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना अल्पमुदतीची संशोधन शिष्यवृत्ती देत आली आहे. मार्गदर्शक शोधून, प्रश्न ठरवून, प्रस्ताव लिहून दोन महिन्यांत लहानसा अभ्यास पुरा करण्याची ही संधी पदवीपूर्व काळातील उत्तम तालीम ठरते. नीटमध्ये गुण कमी पडले म्हणून वैद्यकीय संशोधनाचे दार बंद होत नाही, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे. पुण्यातील राष्ट्रीय विषाणू संस्थेत किंवा नवी मुंबईतील टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत विज्ञान पदवीधरही पीएच.डी. करतात, आणि संख्याशास्त्र शिकलेल्या मुलीला तर प्रत्येक वैद्यकीय संशोधनगटात मागणी असते, कारण किती रुग्ण तपासले म्हणजे निष्कर्ष भरवशाचा ठरेल हे गणित तिच्यावाचून सुटत नाही. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून फेलोशिप मिळाल्यास २०२३ पासून सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये मिळतात; खासगी दवाखान्याच्या कमाईशी त्याची तुलना होऊ शकत नाही आणि ती होईल असे कोणी सांगू नये. दवाखाना आणि संशोधन यांत एकच निवडावे लागते असे मात्र नाही; बावस्करांनी महाडमध्ये स्वतःचे रुग्णालय चालवतच लेख लिहिले, आणि त्यांतील अनेकांवर सहलेखिका म्हणून त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचे नाव आहे.

जालन्यात २०२४ मध्ये शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यामुळे येथील प्रश्नांना आता येथेच विचारणारे मिळू शकतात. वितळलेल्या लोखंडापुढे पाळीभर उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या अंगातून किती पाणी जाते आणि त्याचा मूत्रपिंडांवर काय ताण पडतो, मिलच्या आवाजात दहा वर्षे काढलेल्याला काय ऐकू येईनासे होते, बीजप्रक्रियेची रसायने आणि धूळ यांत काम करणाऱ्या बायकांच्या श्वासाचे काय, या प्रश्नांसाठी सुरुवातीला लागते ती वही, वजनकाटा, श्रवणमापनाचे यंत्र, कामगारांची संमती आणि नीतिसमितीची परवानगी. बिरवाडीतही प्रयोगशाळा नव्हती.

पबमेडवर बावस्करांच्या नावाखाली २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापलेला एक लेख सापडतो, आणि प्रकाशनांची यादी कशी वाचावी हे शिकण्यासाठी तो मुद्दाम उघडावा असा आहे. महाडमध्ये विंचूदंशाच्या ७० रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता, दोन गट करण्यात आले. एका गटाला फक्त प्राझोसिन आणि दुसऱ्याला त्याच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष दिले गेले. दहा तासांनंतर प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण पूर्ण बरे झालेले होते, केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. पहिल्या लेखानंतर एकोणतीस वर्षांनी, ज्या गोळीने नाव झाले ती एकटी पुरेशा वेगाने काम करत नाही, हे त्या गोळीच्या पुरस्कर्त्यानेच आकड्यांनिशी छापले.